तीन वाकांचा पाईप

"मिस्त्री, अजून एक वाक."

दुकानात शिरताना ट्रकवाले काका एवढंच म्हणायचे आणि उजवा हात पुढे करून पंजा मनगटातून वळवून दाखवायचे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी वर. पंजा वळेल तिकडे त्यांच्या ट्रकच्या पाईपचा धूर गेला पाहिजे. मी ओळखायचो, गल्लीत पुन्हा कुणीतरी नाक मुरडलं.

येरवड्यात माझं सायलेन्सर आणि रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रकवाले मी पोत्यानं पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील, रस्ता तीर्थरूपांनी नावावर करून दिल्यासारखे हॉर्न मारतात. काका त्यातले नव्हते. ट्रक मागे घ्यायचा तरी आधी खाली उतरून आजूबाजूला "जरा त्रास देतो हं" म्हणायचे. मालकही तेच, ड्रायव्हरही तेच. एकदा ट्रक हायवेला लावला होता, तर सकाळी बॅटरी गायब आणि टाकीतलं डिझेलही गायब. तेव्हापासून तो घरासमोर, गल्लीतच उभा असायचा. गल्लीनं उभा राहू दिला तर यांची चूल पेटणार, नाहीतर नाही. सरळ हिशोब होता.

आता जुना ट्रक म्हटला की तो किल्ली फिरवली आणि निघाला, असं होत नाही. ब्रेकची हवा भरेपर्यंत पहाटे इंजिन चालू ठेवावंच लागतं. तेवढा वेळ धूर येणार. तो समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या हॉलमध्ये जायचा. सेक्रेटरी गॅलरीतूनच म्हणाले, "अहो, आमच्या फुप्फुसांचं भाडं देता का?" काका दुपारीच दुकानात हजर. पंजा उजवीकडे.

पाईप उजवीकडे वळवला, तर त्या बाजूला पिठाची गिरणी निघाली. गिरणीवाल्या ताईंनी काजळीनं काळपट झालेलं पीठ दाखवलं, "काका, ही ज्वारी आहे, बाजरी नाही." पुन्हा पंजा, या वेळी वर. मग मी पाईप केबिनमागून उभा नेला. तर दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर मास्तरांच्या धोतरांवर काजळी बसली. म्हणून वरच्या टोकाला आणखी एक वाक दिला, मागच्या बाजूला.

त्या दिवशी वेल्डिंग करता करता मी वैतागून म्हणालो, "काका, प्रत्येक वाकावर नाव टाकू का? कुणाकुणाची कृपा आहे ते कळू द्या."

"टाक की," ते म्हणाले. "शेजारीच आहेत आपले."

मी चिडवायला म्हणालो होतो. त्यांनी खरंच छिन्नी हातात दिली आणि उभं राहून अक्षरं मारून घेतली. सेक्रेटरी. गिरणी. मास्तर. वर "मास्तरांचा मा नीट काढ, ते चुका काढतात" म्हणाले. आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

मग पंख्याची पाळी आली. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा मोठा पंखा घोंघावतो, सगळ्यांची झोपमोड होते, अशी तक्रार सर्वानुमते आली. पुण्यात सर्वानुमते दुसरं काही होत असेल तर मला सांगा! काकांनी तो पंखा काढायला लावला आणि विजेवरचा छोटा बसवून घेतला. बटण केबिनमध्ये. गल्लीत बंद, गल्लीबाहेर चालू.

"काका, हा पंखा कारला ठीक आहे. ट्रकचं काय होणार याच्यानं?"

"चालवून घेऊ. इंजिन परत बांधता येतं रे, शेजार नाही बांधता येत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. किती वेळा ऐकवलं असेल देव जाणे.

ट्रक तापायला लागला. घाट चढताना काटा लाल पट्ट्यात जायचा, हे बाजूला घेऊन थांबायचे. आम्ही रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप उघडून पाहिला. सगळं नाटक. दुखणं कुठं आहे ते मला माहीत होतं, त्यांनाही. तीन वाकांमधून धूर बाहेर पडायला धडपडत होता आणि त्याची सगळी उष्णता इंजिनातच मुरत होती. ती काढून टाकायला पंखा होता टीचभर.

"पाईप सरळ करू आणि जुना पंखा चढवू. आजच," मी म्हणालो.

"आणि ट्रक लावू कुठं? तुझ्या डोक्यावर?"

मी रेडिएटरचं झाकण लावून टाकलं.

आता गंमत ऐका. ज्या गल्लीला या ट्रकचा धूर, आवाज, सावलीसुद्धा सोसवत नव्हती, तिला गणपती विसर्जनाला मात्र हाच ट्रक लागायचा. दरवर्षी. फुलांच्या माळा, केळीचे खांब, पुढे ताशा, मागे नाचणारी मंडळी. काका सकाळी आंघोळ करून पांढरा सदरा घालून स्टिअरिंगवर बसायचे. वर्षातला तेवढा एक दिवस गल्लीतले लोक ट्रकला हात लावून नमस्कार करायचे. त्या एका दिवसावर हा माणूस वर्ष काढत असणार, असं मला वाटतं.

त्या वर्षी ऊन मी म्हणत होतं. मिरवणूक मुंगीच्या पावलानं चाललेली. अशा चालीत समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर. काटा चढला तसं काकांनी डोकं बाहेर काढून सांगितलं, "थोडं थांबू या, गार होऊ दे." तेव्हा सेक्रेटरी ट्रकवर, गणपतीशेजारीच उभे होते. ते वाकून म्हणाले, "अहो, मागचं मंडळ बोंबलतंय. घ्या पुढे!"

काकांनी पुढे घेतला. शेजाऱ्याला नाही म्हणायची सवयच नव्हती.

पुलाच्या अलीकडे इंजिन जाम झालं. काकांचा फोन आला आणि मी धावत गेलो, तोवर मंडळींनी गणपती दुसऱ्याच्या टेंपोत ठेवलाही होता. ताशा पुन्हा सुरू झालेला. "काका, तुम्ही या मागून," असं कुणीतरी ओरडलं. बस्स. एक माणूस थांबला नाही, एकसुद्धा! गुलालानं माखलेले काका वाफ सोडणाऱ्या ट्रकसमोर एकटे उभे होते. संताप संताप झाला माझा.

"बाप्पा नाही ना थांबला?" ते म्हणाले. "मग झालं."

इंजिन उघडलं तर आत काही शिल्लक नव्हतं. परत बांधता येतं म्हणायचे, ते नाही बांधता आलं. ट्रक भंगारात गेला. त्याआधी ते दुकानात आले, त्या दिवशी पंजा खिशातच होता. "पाईप तेवढा काढून ठेव," म्हणाले. "लोकांची नावं आहेत त्याच्यावर. भंगारात बरं नाही दिसत."

काही दिवसांनी ट्रकच्या जागेवर पाटी लागली, 'येथे जड वाहने उभी करू नयेत. एकदा सांगितलेले समजते, असे गृहीत धरले आहे.' काका खोली सोडून मुलीकडे गेले. तिकडे कुणा दुसऱ्याचा टेंपो चालवतात म्हणे. माझा फोन उचलत नाहीत.

परवा सेक्रेटरी दुकानात आले. मुलानं मोठी मोटारसायकल घेतली आहे, तिचा सायलेन्सर बदलून हवा होता. "जरा दणदणीत आवाज पाहिजे बरं का. लांबून कळलं पाहिजे."

"गल्लीत कुणी काही म्हणणार नाही?"

"छे हो! आपलीच तर माणसं आहेत सगळी."

मी उठलो. भिंतीवरचा पाईप काढला, फडक्यानं पुसला आणि पहिला वाक वर येईल असा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं.

"सेक्रेटरी," ते म्हणाले. "कुठल्या सोसायटीचे हो?"