तळपायावरचा तीळ

चपलांच्या दुकानात माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी मापासाठी पाय उचलला. तळव्यावर वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग होता. दुकानदार हसला, "ताई, तळपायावर तीळ! परदेशी जाणार तुम्ही!" बाई सुखावल्या.

माझ्या आत्यालाही सगळे हेच म्हणायचे. तिचा तीळ पसरत गेला, एका बाजूने निळसर झाला, तरी घरचे कौतुकाने विचारत, "तिकीट कधीचं?" रक्त आलं तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. तो तीळ नव्हताच, त्वचेचा कॅन्सर होता, मेलानोमा. तोवर तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. आत्या वाचली नाही. अंगावरच्या डागाचं भविष्य सांगणारे आमच्याकडे घरोघरी. तो डाग नीट बघणारा एक नाही.

न राहवून मी म्हणालो, "बाई, हा वाढतोय का? डॉक्टरांना दाखवा."

"शुभ बोलावं माणसानं," त्या फणकारल्या आणि डागावर नवी चप्पल चढवून चालू लागल्या.