एका तांब्याचा भाव

दारात कोणी आलं की चेअरमनबाई आधी त्याच्या हाताकडे बघत, मग तोंडाकडे. हातात तांब्या दिसला तरच विचारत, "काय होतंय?" तांब्या नसेल, तर माणूस खोकून खोकून वाकला असला तरी पहिला शब्द ठरलेला : "पाणी आन." मी आयुष्यभर भाव पाडून पोट भरलं. कडब्याच्या पेंढीपासून जुन्या ट्रकपर्यंत कशाचाही सांगितला तो भाव मी दिला नाही. चेअरमनबाईंचा भाव मात्र मला कधी पाडता आला नाही.

आमचं गाव दिंद्रुडच्या रस्त्यावर, आत वळून. तिथं बायकांची दूध संस्था होती आणि बाई तिच्या चेअरमन. माहेर लिंबागणेशचं, आवाज मोठा, अंगानं भरलेल्या. पहिल्या मिटिंगला त्यांचे मालक येऊन चेअरमनच्या खुर्चीवर बसले होते. बाई दारातूनच म्हणाल्या, "उठा. म्हशी सोडायची येळ झाली." मालक उठले, गेले. पुढं त्या खुर्चीला हात लावायची हिंमत कोणी केली नाही.

डेअरीच्या मागे, भिंतीला लागून, कॅन धुतलेलं पाणी वाहायचं. दुसरी कोणी असती तर तिथं चिखल आणि डास झाले असते. बाईंनी तिथं पाल्याच्या झाडांचा एक पट्टा लावला. सोडा घालून कॅन धुतले की ते पाणी बाई चिंधीचा बोळा लावून दुसरीकडं काढून देत. त्याआधीचं, नुसतं दुधाळ पाणी झाडांना. पाण्याच्या तोंडाशी पुदिना, कारण तो अधाशी. मग गवती चहा, पानओवा, तुळस. मधे अडुळसा आणि शेवगा. आणि जिथं पाणी पोचता पोचता संपून जाई, तिथं कोरफड. एकदा मी विचारलं, "बाई, कोरफडीनं काय घोडं मारलं?" तर म्हणाल्या, "तिला लई पाजलं की कुजती. काही मानसं बी तशीच असत्यात, शेठ." तेव्हा मी नुकता टँकर घेतला होता.

त्यांच्या तोंडी औषध हा शब्द कधी आला नाही. "औषध दवाखान्यात. माझ्याकडं पाला हाय," असं म्हणत. सर्दी-खोकल्याला अडुळसा वाफवून, पोट धरलं तर ओव्याचं पान मीठ लावून, घामोळ्यांना कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ, उन्हातून आलेल्याला भिजवलेला सब्जा. सगळं रोजच्या कुरकुरीचं. त्यापुढं त्या एक पाऊल टाकत नसत. शेळ्या राखणारा एक म्हातारा खोकत आला, तांब्या घेऊन. बाईंनी त्याचा तांब्या अडुळशाला ओतला, त्याच्या उपरण्यावरचा लाल डाग पाहिला आणि पाला न देताच त्याला दुधाच्या टेम्पोत बसवलं. "बीडला न्या. छातीचा फोटू काढल्याबिगर आनायचा न्हाई." म्हातारा टेम्पोतून ओरडत होता, "मग माझं पाणी परत द्या की बाई!" बाई म्हणाल्या, "बरा होऊन ये, घेऊन जा." सरकारी गोळ्या खाऊन म्हातारा बरा झाला. पाणी मागायला तो खरंच आला होता.

मलाही पित्त होतं. बाजारात दिवसभर भांडायचं, जेवण उभ्यानं, घसा जळत असायचा. मी गेलो तो अर्धा तांब्या घेऊन. सवयच ती. बाईंनी तांब्यात डोकावून बघितलं.

"ह्ये कावून अर्धं?"

"दुष्काळ आहे बाई. तुम्ही थोडं सोडा, मी थोडं सोडतो."

"बरं. मग अर्धंच पित्त बरं हुईल. कोनतं अर्धं ठिवायचं, सकाळचं का रातचं?"

दूध घालायला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी घरी जाऊन उरलेलं अर्धं घेऊन आलो. बाईंनी धने रात्री भिजवून सकाळी त्याचं पाणी प्यायला सांगितलं. "राग सोड म्हननार न्हाई, तुझा धंदा बुडंल. पन आधी जेव, मग भांड." धन्याचं पाणी मी आजही पितो. दुसरंही पाळायचा प्रयत्न करतो.

तांब्याचा हा नियम पहिल्यापासून नव्हता. तो दुष्काळानं आणला. पाऊस लागोपाठ हुकला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. कॅन कमी झाले तसं धुण्याचं पाणीही आटलं. तेव्हा बाईंनी सांगून टाकलं : पाला पाहिजे त्यानं एक तांब्या वापरलेलं पाणी आणायचं. तांदूळ धुतलेलं, तोंड धुतलेलं, कसलंही, फक्त साबणाचं नको. त्या पाण्यावर पट्टा कसाबसा हिरवा राहिला. पण त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीआधीच निघाल्या आणि गाव रिकामं झालं. घरागणिक एखादी म्हातारी आणि दोन लेकरं. तांब्या आणणार कोण? शिमग्यापर्यंत पुदिना गेला, गवती चहा पिवळा पडला, अडुळशानं माना टाकल्या.

बाईंना त्या वर्षी मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. "टोळ्या परत यायच्या झाल्या," त्या म्हणाल्या. "पोरींचे हात उसाच्या पात्यानं चिरल्याले असत्यात. धुरळ्यानं छाती भरल्याली असती. गाडीतून उतरल्या की हितंच येत्यात. काय दावू त्यांना, काड्या?"

मला वाटलं, आता सौदा जमणार. त्या पट्ट्यावर माझा कधीचा डोळा होता. रस्त्याला लागून, भिंतीचा आडोसा. कडबा रचायला तालुक्यात तशी जागा नव्हती. मी टँकर भरून डेअरीसमोर उभा केला आणि म्हणालो, "बाई, दर आठवड्याला एक टँकर देतो. बदल्यात भिंतीकडची अर्धी जागा मला. तुमचा पाला जगेल, माझा कडबा राहील."

बाईंनी टँकरच्या नळाखाली ओंजळ धरली. पाणी चाखलं. "पिन्याजोगं हाय की रं."

"बोअरचं आहे. एक नंबर."

बाईंनी पदर खोचला, टँकरच्या पायरीवर चढल्या, खिडकीचा दांडा धरला आणि माझ्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल. टाकीकडं."

गावच्या टाकीपाशी सरकारी टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. तो टँकर आदल्या दिवशीही आला नव्हता. माझा टँकर तिथं उभा राहिला. मी मागून पळत आलो, शिव्या घालत. टँकर माझा, डिझेल माझं, सौदा अजून झालेला नाही! बाईंनी पाइपचं तोंड माझ्या हातात दिलं. "पिन्याचं पाणी पाल्याला घालत न्हाईत, शेठ. भांड तू खुशाल. पन पाइप नीट धर, सांडाय लागलंय."

आणि मी पाइप धरून भांडलो. शेवटची घागर भरेपर्यंत भांडलो. घागर भरली की बाई प्रत्येकीला एवढंच सांगत होत्या, "सांजच्याला एक तांब्या. वापरल्यालं."

ऊन उतरल्यावर डेअरीच्या मागे म्हाताऱ्यांची रांग लागली. कोणाचं डाळ धुतलेलं पाणी, कोणाचं नातवाचं तोंड धुतलेलं. एक एकटी राहणारी आजी लोटीत घोटभरच घेऊन आली. बाईंनी ते ओतून घेतलं. मी लगेच म्हणालो, "आता कसं चाललं अर्धं?" बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिच्या घरात ती एकली. तिचा तांब्याच तेवढा हाय." दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या परत आल्या, तिसऱ्या दिवशीही. घरात जे काही पाणी सांडायचं, ते आता तिथं येऊन सांडू लागलं. अडुळशानं मान वर केली.

टोळ्या आल्या तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. ट्रॅक्टरमधून उतरलेल्या बायका, डोक्यावर बोचकी, काखेत लेकरं. घरांची कुलपं न काढता त्या सरळ डेअरीच्या मागे गेल्या. बाई विळी घेऊन बसल्या होत्या. कोरफडीचं पान चिरायचं, गर चिरलेल्या तळहातावर ठेवायचा, पुढची. एकीची जखम चिघळली होती, तिला तिथूनच दवाखान्यात पाठवलं. रस्त्यावर थांबून मी ते बघत होतो. मी पुष्कळ बाजार बघितले आहेत. माल असा जपलेला आणि असा वाटलेला पुन्हा कुठं बघितला नाही.

जागेचं मी संध्याकाळी परत काढलं. बाई म्हणाल्या, "टँकर आनलास, घेतला. जागा मागितलीस, न्हाई म्हनले. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत." धन्यवाद नाही, मिटिंगमध्ये नाव नाही. पुढच्या वेळी ओव्याचं पान मागायला गेलो तर परत हाताकडे बघितलं. ते मला अजून लागतं. टँकर माझा होता, हे मी आजही चारचौघांत सांगतो.

पुढं खाजगी गाड्या दारातून दूध नेऊ लागल्या. संस्था बंद पडली, कॅन गंजले. बाई थकल्या तेव्हा बीडला दवाखान्यात मीच त्यांना माझ्या जीपमधून नेलं. वाटेत त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "शेठ, भाडं म्हनून जागा मागशील. न्हाई मिळनार." परत आणताना त्यांच्या अंगावर पांढरी चादर होती.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेची माणसं माझ्याकडं आली. डेअरीची जागा भाड्यानं द्यायची आहे, तुम्ही कधीचे मागे होतात, भाव तुम्हीच सांगा. एवढ्या वर्षांनी जागा आपण होऊन दारात आली. मी सकाळीच बघायला गेलो. खोकला होता म्हणून सहज अडुळशाची पानं तोडली. हाताकडे बघायला कोणी नव्हतं. मग खाली बघितलं. पुदिन्यापासून कोरफडीच्या आधीपर्यंत माती ओली होती. कॅन नाहीत, नळ नाही, आणि माझ्याआधी कोणकोण येऊन तांब्या ओतून गेलं होतं.

मी घरी गेलो, तांब्या घेऊन आलो. अर्धाच आणला होता. ओतला, आणि तिथं उभा राहिलो. मग परत जाऊन उरलेला अर्धा आणला.

संस्थेच्या माणसांना निरोप पाठवला : जागा घेत नाही. तिथं ओल आहे, कडबा कुजेल.