आवाज करून खायच्या शेवया

जून ते सप्टेंबर शारजात नळ उघडला की चहाच्या आधणासारखं पाणी येतं. टाकी गच्चीवर आणि गच्ची दिवसभर उन्हात. म्हणून इथली माणसं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि गरम पाण्याच्या नळातून गार पाणी घेतात, कारण गीझर घरात, सावलीत असतो. तुम्ही दोघं भावंडं याच घरात वाढलात, पण जपानला जाऊन आता तीन वर्षं झाली, तेव्हा विसरला असाल. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा बाबा वाचून दाखवेल.

हे पाण्याचं आधी सांगितलं कारण सोबा, तुमच्या त्या काळपट जपानी शेवया, गार पाण्यात धुवाव्या लागतात. नुसत्या उकडून चालत नाही. आदल्या दिवशी मी फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या ठेवते, फ्रीजरमध्ये बर्फाचे दोन ट्रे. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, मीठ न घालता. सोबा सुट्या करून सोडायच्या, चार मिनिटांचा टायमर लावायचा, चाळणीत ओतायच्या आणि गार पाण्यात दोन्ही हातांनी चोळून धुवायच्या. बुळबुळीतपणा गेला पाहिजे. हे सगळं मी एका कार्डावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. मला अशीच सवय आहे. पण मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा ते कार्ड नव्हतं.

तुमच्या आईने बॅग उघडून पहिल्यांदा काय काढलं असेल, तर सोबाची चार पाकिटं. धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हा सध्या दुसरं काही खातच नाही. घरून घेऊनच आले."

"मी आहे ना," मी म्हटलं.

धाकट्या, तू तीन वर्षांचा होईपर्यंत तुझे आईबाबा दुबईला नोकरीला जायचे आणि संध्याकाळी त्या जाममधून दमून यायचे. तुला दुपारी मीच भरवत असे. खिडकीशी बसवून खालच्या स्कूलबस मोजायच्या, प्रत्येक बसला एक घास. त्यामुळे तू काय खातोस, हे मला कोणी सांगावं याचंच मला हसू आलं.

पहिल्या दिवशी मी सोबा शेवयांसारख्या तुपावर परतल्या. शेवया दिसल्या की आधी कढईत तूप, हे आमच्या हाताला इतकं बसलेलं की पाकिटावरची इंग्रजी कृती वाचायचंही सुचलं नाही. मी, जी औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचते! परतून वर आधणाचं पाणी घातलं. आजोबांनी झाकण उघडून पाहिलं.

"वा! काळ्या शेवयांचा उपमा! लिंबू आहे का?"

तुझी ताई ओट्याशी येऊन उभी राहिली. "आजी, व्हॉट डिड यू डू?"

दुसरं पाकीट तिच्या देखरेखीखाली झालं. धुताना मी हलक्या हाताने धूत होते, तर म्हणते, "नो आजी, लाइक लाँड्री!" मग कपडे चोळावेत तशा चोळल्या. सोया सॉसमध्ये साखर आणि समुद्रातल्या वाळवलेल्या पानांचं पाणी घालून तुमच्या आईने बुडवायचा रस्सा केला. तू खुर्चीत मांडी घालून बसलास, काड्यांनी भली मोठी गुंडी उचललीस, बुडवलीस आणि सुर्रर्र करून ओढलीस. रश्श्याचे थेंब टेबलक्लॉथवर उडाले.

आणि मी म्हटलं, "नो नॉइज, प्लीज. वी ईट विथ अवर माउथ क्लोज्ड."

हे वाक्य माझंही नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जेवणाच्या सुट्टीत सिस्टर बाकांमधून फिरत हेच म्हणायच्या. साठ वर्षांनी ते माझ्या तोंडून जसंच्या तसं, त्याच आवाजात निघालं.

तू थांबलास. अर्ध्या सोबा तोंडाबाहेर लोंबत होत्या. त्या दातांनी तोडल्यास, खाली वाटीत पडू दिल्यास आणि मग एकेक तुकडा करून, ओठ मिटून खाल्लास. मला वाटलं, किती शहाणं पोर! दुसऱ्या दिवशी तू आईला विचारलंस, मी खोलीत जेवू का?

टेबल आवरताना तुमची आई मला हळूच म्हणाली, "आई, तिथे आवाज करूनच खातात. शाळेतसुद्धा. त्याला वाटतंय, आपण काहीतरी घाण केलं."

"अगं, मग आधी सांगायचंस की!" मी म्हटलं.

म्हणजे चूक माझी आणि ऐकून घ्यायचं तिने. मी तेव्हाच खोलीत जायला हवं होतं. पण आमच्याकडे मोठ्यांनी पाच वर्षांच्या मुलाची माफी मागायची पद्धत नाही, आणि मी ज्या पद्धती मोडल्या त्यात ही नव्हती. उरलेले दिवस तू माझ्यासमोर फक्त ब्रेड खाल्लास. विमानतळावर सगळ्यांना टाटा करून झाल्यावर तू माझ्याजवळ आलास आणि नीट उभं राहून म्हणालास, "थँक यू फॉर हॅविंग मी, आजी."

परक्यांच्या घरून निघताना म्हणतात ना, तसं.

या वर्षी बाबाला सुट्टी नाही, तुम्ही येणार नाही. तरी मी दर शनिवारी सोबा करते. त्या शारजात मिळत नाहीत. आजोबा दुबई मरीनाच्या बाजूच्या एका जपानी दुकानात घेऊन जातात आणि जाममध्ये स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणतात, "लोक या रस्त्यावर पोटासाठी अडकतात. आपण शेवयांसाठी." तिथे रश्श्यात घालतात ते गोडसर मिरिन तांदळाच्या दारूचं असतं, म्हणून मी साखरेबरोबर चिमूटभर गूळ घालते. सोबा उकडलेलं पाणी मी पहिल्यापासून टाकत नव्हते. पुरणाचा कट कोण टाकतं? तिथेही म्हणे ते शेवटी उरलेल्या रश्श्यात घालून पितात. एवढी एक गोष्ट मला न शिकवता बरोबर आली.

आवाज मात्र येईना. ओठ आपोआप मिटायचे. शेवटी मी आजोबांना म्हटलं, "तुम्ही शिकवा."

"बघा! चाळीस वर्षं मला बशीतून चहाचा एक फुरका मारू दिला नाही, आणि आता मॅडमना क्लास हवाय!" पण शिकवलं. पहिल्या दिवशी मला इतका ठसका लागला की त्यांनाच पाणी आणावं लागलं.

गेल्या शनिवारी मी तुमच्या आईला सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे दुपारचा एक, तुमच्याकडे संध्याकाळचे सहा. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला. तुमच्या टेबलावरही सोबा होत्या. ताईने हात हलवला आणि सुर्रकन ओढल्या. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि तुकडे करून, ओठ मिटून खाऊ लागलास.

"एरवी असा खात नाही हो हा," तुमच्या आईचा आवाज आला.

मी काड्या खाली ठेवल्या. "बाळा, मागच्या वर्षी मी तुला आवाज करू नको म्हटलं ना, ते आजीचं चुकलं."

तू आईकडे वळलास. "व्हॉट डिड शी से?"

तुझा पहिला शब्द मराठी होता आणि तो मी ऐकला होता. आई सांगायला लागली, तर मी म्हटलं, थांब, मीच सांगते. ज्या भाषेत ओरडले होते, त्याच भाषेत सांगितलं. "आय वॉज राँग. यू वेअर ईटिंग इट राइट. आय ॲम सॉरी."

तू म्हणालास, "इट्स ओके. यू डिडन्ट नो." मग विचारलंस, "कॅन यू डू इट?"

मी ओढल्या. आवाज आला, पण रस्सा चष्म्यावर उडाला. ताई टेबलावर डोकं ठेवून हसली, आजोबा तर उठूनच गेले. तू हसला नाहीस. शिक्षकासारखा पुढे सरकून म्हणालास, "नो, आजी. यू हॅव टू ब्रीद इन. लुक." आणि भली मोठी गुंडी उचललीस. तेवढ्यात चित्र थांबलं. तुझा चेहरा तिथेच, काड्या वर, गाल आत ओढलेले. आवाज मागून आला, लांब, मनसोक्त.

चित्र हललं तेव्हा तुझी वाटी रिकामी होती. "व्हेन आय कम, आय विल शो यू प्रॉपर्ली," तू म्हणालास.

कधी, ते मी विचारलं नाही. तुझ्या आईला उत्तर देता आलं नसतं. फोन बंद झाल्यावर माझ्या सोबा फुगल्या होत्या, आजोबा म्हणाले राहू दे, नको खाऊस. मी त्या सगळ्या संपवल्या, तू सांगितलंस तसा श्वास आत घेऊन.