ओढ्यातले मासे

जंगल तोडून लावलेल्या गांजाचा खटला होता. आरोपींनी झाडं तोडली होती, ओढा वळवला होता आणि फवारणीच्या विषारी औषधानं ओढ्यातले मासे मारले होते. मी सरकारी वकील. कोल्हापूरच्या कोर्टात त्या माशांसाठी मी इतका गहिवरलो की माझे सख्खे नातेवाईक प्रेक्षकांत बसले असते तर जळाले असते.

मग आरोपीच्या वकिलानं पंचनाम्यातल्या म्हाताऱ्या पंचाला विचारलं, "पंचनाम्याच्या दिवशी सरकारी वकीलही जागा बघायला आले होते. ते जेवले कुठं?"

"आमच्याकडंच की. पावण्याला उपाशी कसं लावून द्यायचं?"

"जेवायला काय होतं?"

"भाकरी आन् माशाचं कालवण."

"मासे कुठले?"

"त्याच ओढ्यातलं, सकाळी धरल्यालं. सायबांनी दोनदा मागून घेतलं."

खरं होतं. ताटात पडलेल्याची उलटतपासणी मी कधी घेत नाही. हरकत घ्यायला उठलो, पण कशाला घ्यायची ते सुचेना.

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि अगदी काळजीनं मला विचारलं, "आता तब्येत बरी आहे ना?"