फोन दाखव

"फोन दाखव," ऑफिसच्या खिडकीतला कारकून, म्हणजे आमचा भाऊसाहेब, म्हणाला.

धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते मी. स्कॉलरशिप जमा झाली का, एवढंच त्याला बघायचं होतं. बँकेचं अ‍ॅप उघडून मी फोन आत दिला. नाही म्हणता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

त्याचा अंगठा थांबेना. खाली, अजून खाली. माझ्यामागे फी भरणाऱ्यांची रांग.

"कुल्फी सेंटर, साठ रुपये!" त्यानं मोठ्यानं वाचलं. "सरकार यांना शिकायला पैसे देतं, अन् या कुल्फ्या खातात."

रांग हसली. मागून कोणीतरी बोललं, "सरकारचे जावई!"

माझी आई यावलकडं केळीच्या बागांत रोजानं जाते. एका दिवसाचा रोज बुडवून ती पहिल्यांदा मला भेटायला धुळ्याला आली होती. बसस्टँडबाहेर दोन कुल्फ्या घेतल्या, फोनवरून पैसे दिले. "काहून खर्च करते व माय?" म्हणाली, आणि काडीसुद्धा चाटून घेतली. माझ्या आईची ती कुल्फी या माणसानं रांगेसमोर उघडी केली. आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर."

मी. सॉरी.

त्यानंतर मी त्याच्या डोळ्यांनी खर्च करायला लागले. चहा घेताना वाटायचं, हे यादीत दिसेल. पाळी आली तेव्हा मेडिकलमध्ये पॅडचं पाकीट हातात घेतलं. पैसे द्यायला अ‍ॅप उघडलं. त्या दुकानाचं नाव भाऊसाहेब वाचेल, म्हणून पाकीट परत ठेवलं. रस्त्यावर आले. पोटात कळ होती. आणि एकदम संताप आला. त्याचा आला, त्याहून जास्त माझा आला. माझ्या अंगातल्या रक्तालाही मी त्याची परवानगी मागत होते!

मागे फिरले. पाकीट घेतलं. अ‍ॅपवरूनच पैसे दिले.

दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिपचा फॉर्म द्यायला गेले. तीच खिडकी. हात बाहेर आला. "फोन."

मी बँक खात्यातली स्कॉलरशिपची तेवढी एकच नोंद छापून आणली होती. कागद पुढे केला. "हे घ्या. फोन मिळणार नाही."

"लई शहाणी झाली का?"

"हो."

"मग फॉर्म पडू दे इथंच."

नऊ दिवस पडला. दहाव्या दिवशी प्राचार्यांकडे लेखी तक्रार घेऊन गेले. शिपाई म्हणाला, ठेवून जा. मी म्हटलं, पोच द्या. शिक्का मिळेपर्यंत दारातून हलले नाही. त्याच दुपारी फॉर्म पुढे गेला.

माफी कोणी मागितली नाही. भाऊसाहेब अजून त्याच खिडकीत बसतो. बसू दे. ती स्कॉलरशिप भीक नाही, माझा हक्क आहे. त्यातून मी काय खाते, काय घेते, याचा जाब मी कुणालाही देणार नाही. पुन्हा कुणी मागितला, तर पुन्हा लिहीन. त्याच्या नावासकट.