मामाजींनी खाल्लेल्या हिरव्या शेंगा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि चौबे कॉलनीतलं आमचं मागचं अंगण मी मनातल्या मनात राजभवनाला नेऊन जोडलं. अशा अंगणात मेथी-पालक शोभते काय? मी सोयाबीन लावलं, तेही पाऊस सरल्यावर. थंडीनं रोपं वीतभरच राहिली. संध्याकाळी त्यांच्यावर जुनी चादर टाकायचो. सासऱ्यांना मात्र फोनवर ठोकून दिलं, "मामाजी, शेंगा तोडाले शिडी लागते!"

मामाजी अमरावतीहून शिडी पाहायला आले. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बायकोनं बजावलं होतं, बाबांना पथ्याचंच द्यायचं. ती गोल बाजारात गेली.

"शिडी कुठी आहे, जावईबापू?"

"रोपं लाजली ना तुम्हाले पाहून, बसली खाली."

मामाजी हसत हसत उकिडवे बसले अन् हिरव्या शेंगा सोलून दाणे तोंडात टाकू लागले. आम्ही वऱ्हाडाकडचे, थंडीत तूर, हरभरा, वाटाणा, हिरवं दिसलं की वाफ्यातच खातो. मीही चार शेंगा सोलून दिल्या.

ते हात धुवायला गेले तशा भिंतीपलीकडून शेजारच्या दीदी ओरडल्या, "भैया, बाबूजी को कच्चा सोयाबीन खिला दिया? बिना उबाले तो ज़हर है!"

हातातल्या शेंगा टाकून मी धावलो. आत आलो तर मामाजी संडासात, कडी लावलेली. स्कूटरची किल्ली मुठीत धरून मी दाराशी उभा. ऑपरेशनचे टाके डोळ्यांपुढे एकेक उसवू लागले. बायकोला काय सांगू?

"मामाजी?"

मी दार ठोठावलं.

"मामाजी, दार तोडू काय?"

"काहून बोंबलून राहिले? पोट गुडगुडून राहिलं, बसू द्या ना निवांत!"

संध्याकाळपर्यंत ते आत-बाहेर करत राहिले, मी मागे-मागे मीठसाखरेचं पाणी घेऊन. बायकोला सगळं सांगितलं. तिनं असं पाहिलं की बस. त्यापेक्षा सोयाबीन मीच खाल्लं असतं तर बरं.

सकाळी मामाजी ठणठणीत. म्हणाले, "शेंगा गोड होत्या हो. थैलीभर द्या, गाडीत खातो."

मी सगळं अंगण ओरबाडलं, कुकरमध्ये घातलं आणि शिट्ट्या होऊ दिल्या, होऊ दिल्या. दाण्यांचा पार लगदा झाला.

गाडीत बसल्यावर मामाजींनी थैलीतला डबा उघडला. "हे काय?"

"राजधानीची पद्धत आहे, मामाजी. इथं कच्चं कोणी देत नाही."

गाडी हलेपर्यंत मी खिडकीशी उभा होतो, त्यांच्या तोंडाकडे पाहत.