परातीतलं पिवळं पाणी

आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या खोलीत तांदळाची पोती ठेवतात. म्हणून मी विज्ञान शिकवते ते घरातल्या वस्तूंवर. एका स्टीलच्या डब्यात हळद, खायचा सोडा, चुना, लिंबू, मेणबत्ती आणि दोन फुगे. कामठीच्या शाळेत मलाही असंच शिकवलं होतं. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ते पाहिलं त्या संध्याकाळी मी बाबांना करून दाखवलं. बाबा पॉवरलूमवर होते, दिवसभराचा खडखडाट कानात घेऊन घरी यायचे. त्यांनी मला तीनदा करायला लावलं. "अजून एकदा कर वं." आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि त्याची सुरुवात त्या पेल्यापासून झाली, असं मी मुलांना सांगत असे. आता सांगत नाही.

मागच्या वर्षी पावसाळा सरताना बाबांचे डोळे पिवळे झाले. मी नोकरीला नागपूरला असते. शनिवारी कामठीला घरी पोचले, तर ते रामटेकच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याकडे जाऊन आले होते. तो पिलिया उतरवायचा. परातीतल्या पाण्यात रोग्याचे हात धरून चोळायचा, पाणी पिवळं व्हायचं, आणि कावीळ निघाली म्हणायचा.

"बाबा, दवाखान्यात चला. रक्त तपासू."

"कायले? केवढं पिवळं निघालं, तुले काय सांगू. ह्या डोळ्यांनी पाहिलं."

"त्यानं आंब्याच्या सालीचं पाणी हाताला लावलेलं असतं. परातीत चुन्याची निवळी असते. दोन्ही मिळाले की पिवळं होतं. मीसुद्धा करू शकते."

"मंग दाखव ना करून," बाबा म्हणाले. डोळे पिवळे होते, पण त्यांत तेव्हाचीच हौस होती.

मला वाटलं, जिंकले. माणसाला नुसतं सांगून पटत नाही, करून दाखवलं की पटतं, हेच तर मी इतकी वर्षं मुलांना सांगत होते. रविवारी सकाळी आंब्याची साल उकळली. चुना बाबांच्याच डबीतला. आई परात घेऊन आली. गल्लीतली पोरं जमली, शेजारच्या काकू त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या.

वर्गात माझा एक नियम आहे. आधी साधी वस्तू, मग तपासायची; म्हणजे इथे आधी निरोगी हात, मग आजारी. नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही. त्या दिवशी मी तो नियम विसरले. घाई होती. सालीचं पाणी माझ्या हाताला चोळलं आणि सरळ बाबांचेच हात परातीत धरले.

पाणी पिवळंजर्द झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हात जोडले.

"थांब आई, अजून संपलं नाही," मी म्हणाले. पाणी बदललं, पुन्हा साल चोळली आणि काकूंच्या मुलीचे हात धुतले. तेही पिवळं झालं. आता सगळ्यांना कळेल म्हणून मी वर पाहिलं.

काकूंचा चेहरा उतरला होता. "अवं माय! हिलेही पिलिया झाला काय?"

मी साल दाखवली, चुना दाखवला, स्वतःचे हात धुऊन दाखवले. तोवर पोरांची रांग लागली होती आणि काकू आईला म्हणत होत्या, "बरं झालं बाई, पोरीचा पिलिया आधीच निघून गेला." बाबा खाटेवर बसून हसत होते. "त्या म्हाताऱ्याकडे जायचं कामच नाही आता. माह्या पोरीच्या हातात गुण हाये. शिकली ना ते."

"बाबा, ही युक्ती आहे. तुमच्या अंगातून काही निघालं नाही."

"असू दे ना वं. मले बरं वाटून राहिलं."

तेव्हाच मी त्यांना ऑटोत घालायला हवं होतं. सोमवारपासून शाळेत परीक्षा होती. फोनवर रोज विचारत होते, रोज उत्तर यायचं, "उतरून राहिली." तेरा दिवसांनी आईचा फोन आला की बाबा भलतंच बोलतात, तिलाही ओळखत नाहीत. नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे आहेत? मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी बाबा गेले. मध्ये एकदा शुद्धीत आले होते, तेव्हा नर्सला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे माही पोरगी. सायन्स शिकवते."

यंदा उन्हाळ्यात काकू आमच्या दारात आल्या. डोळे पिवळे, तोंड सुकलेलं. सोबत तीच मुलगी.

"तुह्या हातानं धुऊन दे वं."

"काकू, बाबा कशानं गेले ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"त्याहिले उशीर झाला होता. मले तर आत्ताच झाला."

मी पुन्हा साल आणि चुना समजावून सांगू शकले असते. शब्द सगळे तोंडपाठ होते. पण काकू मग रामटेकच्या रस्त्याला लागल्या असत्या, हे मला दिसत होतं.

"धुते," मी म्हणाले. "पण आधी रक्त तपासायचं, डॉक्टरचं औषध सुरू करायचं. चिठ्ठी दाखवा, मग धुते. नाहीतर गुण येत नाही."

दोन दिवसांनी त्या चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन आल्या. मी साल उकळली. बाबांच्या डबीत चुना वाळून गेला होता, त्यावर त्यांच्या नखाचा ओरखडा तसाच होता. थोडा खरवडून पाण्यात कालवला, निवळू दिला. काकूंचे हात परातीत धरले. पाणी पिवळं झालं आणि त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मुलगी परातीवर वाकली होती. "ताई, ह्याच्यात चुना आहे ना? अन् तुमच्या हाताले साल?"

"गप वं," काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला इतकं बरोबर उत्तर कुणी दिलं नव्हतं. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी हो म्हणेन म्हणून. मी मान खाली घातली आणि काकूंचे हात धूत राहिले.